मुख्याध्यापकांच्या खोलीत



मी बंगळुरूत शाळांच्या मुख्याध्यापकांबरोबर काम करते. या कामाला कोचिंग म्हणतात, आणि मराठी माणसाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कितवीचे क्लास घेता?’ क्लास घेत नाही. महिन्यातून एकदा एका शाळेत जाते, तीन-चार तास तिथे असते. गेटपाशी उभी राहते, मधल्या सुट्टीत फिरते, आणि मग मुख्याध्यापकांच्या खोलीत दार लावून आम्ही बोलतो. मी त्यांची साहेब नाही. माझा अहवाल बी.ई.ओ. ऑफिसात जात नाही आणि संस्थाचालकांकडेही जात नाही. खोलीतलं बोलणं खोलीतच राहतं, म्हणून आज मी जी उदाहरणं देणार आहे त्यांत शाळेचं नाव, भाग, वर्ष यांतलं काही सांगणार नाही.

आजचा विषय आहे शाळेतली जात आणि तिच्याबाबत मुख्याध्यापक काय करू शकतात. पहिल्या भेटीत जवळपास सगळे एकच सांगतात, ‘मॅडम, आमच्याकडे तसलं काही नाही. आम्हाला सगळी मुलं सारखी.’ सांगणाऱ्याला ते मनापासून वाटत असतं. तिथे मी वाद घातला तर ती भेट शेवटची ठरेल. मी म्हणते, ‘बरं, मग आपण शाळा बघू या.’

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत शाळाप्रमुखांना वांशिक समतेसाठी असं कोचिंग देण्याचं काम बरंच झालं आहे. कुठल्या मुलांना वर्गाबाहेर जास्त काढलं जातं, वरच्या गटात कोण बसतं, हे तिथे वंशाप्रमाणे मोजतात आणि ते आकडे घेऊन मुख्याध्यापकासमोर बसतात. आपल्याला ही तुलना नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या माणसांना, जी काळ्या लोकांच्या गुलामगिरीविरुद्ध झटली. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, तिथले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करणार होते त्याची प्रत मिळावी म्हणून. तेव्हा तिकडचं पाहून इकडचा विचार करणं आपल्या परंपरेतलंच आहे.

पण तिकडचे तक्ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत. तिथे रंग दिसतो. इथे मुख्याध्यापक म्हणतात, जात काय कपाळावर लिहिलेली असते? महाराष्ट्रात निदान आडनावावरून लोक अंदाज बांधतात. कर्नाटकात बऱ्याच जणांना आडनावच नसतं, नावाआधी गावाचं आणि वडिलांचं आद्याक्षर असतं. पण म्हणून कुणी अंदाज बांधायचं थांबत नाही. मग प्रश्न येतो, ‘निम्म ऊरु यावुदु?’ तुमचं गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला? घरी काय शिजतं? तिसऱ्या प्रश्नापर्यंत काम झालेलं असतं. माझं आडनाव ऐकून काहींना माझीही जात कळते, आणि मग ते जास्त मोकळेपणानं बोलतात किंवा एकदम कमी. दोन्ही गोष्टी मी लक्षात ठेवते.

चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रकारही या शहरात आहेच. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवा पसरल्या आणि ईशान्येकडची हजारो माणसं दोन-तीन दिवसांत गुवाहाटीच्या गाड्या पकडून निघून गेली. इथल्या शाळेत मणिपूर-नागालँडच्या मुलाला काय नावानं हाक मारतात ते तुम्हाला माहीत आहे. तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे, पण मुख्याध्यापकाच्या टेबलावर दोन्ही गोष्टी एकाच फायलीत येतात.

आता २०१२ मधलीच दुसरी गोष्ट. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, त्याचे पैसे सरकार शाळेला देणार. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे वैध ठरवलं आणि त्या वर्षीपासून कर्नाटकात प्रवेश सुरू झाले. जुलैमध्ये बंगळुरूतल्या एका खासगी शाळेबद्दल वृत्तपत्रांत आरोप आला: या जागांवर आलेली मुलं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या डोक्यावरचे पुढचे केस कापले. सहा वर्षांची मुलं.

बातमी गाजली आणि विसरली गेली. माझ्या कामात मला त्यातला एकच धागा महत्त्वाचा वाटतो. कायद्यानं मूल वर्गात आलं, पण वर्गात आल्यावर काय, हे कायद्यात नीट सांगितलेलं नाही. भेदभाव होणार नाही हे पाहणं सरकारचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं आठव्या आणि नवव्या कलमात म्हटलं आहे. मुख्याध्यापकाचं नाव तिथे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव पटावर लागलं. पट कायद्यानं खुला होता. पण बसायला गोणपाट घरून आणायचं, आणि तहान लागली तर शिपाई नळ उघडेल तेव्हाच पाणी. हे कुठल्या कायद्यात लिहिलं होतं? शाळेच्या आत कुणीतरी तसं चालवून घेत होतं.

आज बंगळुरूच्या शिक्षककक्षात ‘आरटीई’ हा शब्द कसा वापरला जातो ते ऐका. ‘ती आरटीईची आहे.’ ‘तो आरटीई आहे, त्याच्याकडून प्रोजेक्टची अपेक्षा नको.’ कायद्याचं नाव आठ-दहा वर्षांत जातीचं नाव झालं. शिक्षकांना हे लक्षात आणून दिलं की ते खरोखर चपापतात.

मग आम्ही काय करतो? सुरुवात अगदी साध्या गोष्टीनं. मुख्याध्यापकांनी आठवडाभर एक वही ठेवायची. दिवसभरात ज्या मुलाला नावानं हाक मारली त्याचं नाव लिहायचं आणि कशासाठी मारली ते लिहायचं. बाकी काही नाही. शुक्रवारी दार लावून त्यांनी एकट्यानं त्या नावांपुढे सामाजिक गट लिहायचा. तो त्यांच्याकडे असतोच, राज्याच्या ‘सॅट्स’ प्रणालीत प्रत्येक मुलामागे रकाना आहे. जात दिसत नाही म्हणणाऱ्या शाळेच्या संगणकात जात भरलेली असते.

एका मॅडमनी ही वही केली. बावीस वर्षं नोकरी, मुलांवर जीव, कडक. त्यांनी मला वही दाखवली नाही, मी मागितलीही नाही. म्हणाल्या, ‘त्या मुलांची नावं आहेत. पण सगळी फी, गणवेश, उशीर आणि तक्रार यांसाठी. प्रार्थना म्हण, पाहुण्यांना फूल दे, माझ्या टेबलावरची चावी आण, यात एकही नाही.’ मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. या कामात गप्प बसता येणं हे अर्धं कौशल्य आहे, आणि ते प्रशिक्षणाच्या पीपीटीत शिकवता येत नाही.

तो कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. ते बरोबर केलं. विषमता शोधायची तर जात बघावी लागते, आणि जात लिहिलेली यादी शिक्षककक्षात पडून राहिली तर तीच यादी मुलांवर उलटते. म्हणून हे बघणं मुख्याध्यापकांनी एकट्यानं करायचं आणि नावं पुढे जाऊ द्यायची नाहीत. पुढे जायचा तो फक्त निर्णय. या मॅडमनी निर्णय घेतला की प्रार्थनेला कोण उभं राहणार हे वर्गशिक्षक निवडणार नाहीत, हजेरीच्या क्रमानं सगळे येतील. दोन शिक्षिका म्हणाल्या, कार्यक्रम बिघडेल. एका मुलीचा आवाज पहिल्या दिवशी फुटलाच नाही. कार्यक्रम थोडा बिघडला. चालू राहिला.

सरकारी शाळेत गोष्टी वेगळ्या दिसतात. तिथे बंगळुरूच्या बऱ्याच भागांत पटावरची बहुसंख्य मुलं दलित, मुस्लिम, स्थलांतरित मजुरांची. शहराचा कचरा उचलणाऱ्या पौरकार्मिकांची मुलंही तिथेच, घरी तेलुगू बोलणारी. तिथल्या मुख्याध्यापकांना मी ‘भेद’ हा शब्दच वापरत नाही. मी म्हणते, शिष्यवृत्तीचं काम कसं करता ते दाखवा. अर्जासाठी जातीच्या दाखल्यावरचा आर.डी. नंबर लागतो, दाखला नाडकचेरीतून मिळतो, आणि शाळेला तारखेच्या आत सगळं भरायचं असतं. मग वर्गात घोषणा होते: ‘एससी-एसटी कोण कोण, उभे राहा. दाखला आणला का?’ मुलं उभी राहतात. वर्ग बघतो. यात कुणाचाही वाईट हेतू नाही, उलट मुलांचे पैसे बुडू नयेत म्हणून चाललेली धडपड आहे. एका हेडमास्तरांना मी विचारलं, सर, फीची थकबाकी असलेल्यांना तुम्ही वर्गात उभं करता का? म्हणाले, छे, पालकांना फोन करतो. मग त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारला. आता त्यांच्याकडे प्रवेशाच्या वेळीच सगळ्या पालकांकडून कागद घेतात आणि राहिलेल्यांना फोन जातो. काम वाढलं नाही, उलट जूनमध्येच संपतं.

सफाईचं मात्र इतक्या सहज सुटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कोलार जिल्ह्यात मालूर तालुक्यातल्या मोरारजी देसाई निवासी शाळेत दलित विद्यार्थ्यांना मलकुंडात उतरवून सफाई करायला लावल्याचं उघड झालं, प्राचार्य आणि एका शिक्षकाला अटक झाली. मालूर बंगळुरूपासून तासा-दीड तासावर. त्या महिन्यात मी ज्या ज्या खोलीत गेले तिथे हीच चर्चा, आणि सगळे म्हणत, ‘ते भयंकरच, पण आपल्याकडे असं नाही.’ मी विचारलं, आपल्याकडे स्वच्छतागृहाला पाणी कोण टाकतं? बऱ्याच सरकारी शाळांत सफाईसाठी माणूस नाही, मिळणारी रक्कम पुरत नाही. मग ‘मोठी मुलं’ बादली उचलतात. कुठली मोठी मुलं? एका शाळेत वर्गशिक्षक म्हणाले, ज्यांना सवय आहे ती. हे वाक्य मी त्या हेडमास्तरांना हळूच परत म्हणून दाखवलं. ते स्वतः दलित होते. म्हणाले, ‘मॅडम, मला ते कळतं. मी बोललो तर म्हणतात, साहेब आपल्या लोकांचं बघतात.’

हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. मुख्याध्यापक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सत्ता असलेला माणूस येतो. पण दलित मुख्याध्यापकाची सही चालते आणि शब्द चालत नाही, असं मी पाहिलं आहे. त्यांच्या बैठकीत कोण उशिरा येतं, त्यांच्या खोलीतला चहा कोण ‘आत्ताच घेतला’ म्हणून टाळतं, हेही शाळेतल्या जातीचंच मोजमाप आहे. त्या सरांबरोबर आम्ही वेगळा मार्ग काढला. विषय त्यांनी मांडलाच नाही. शाळा विकास आणि देखरेख समितीत पालक असतात, तिथे एका आईनं मांडला, ठराव झाला, आणि सर फक्त ठरावाची अंमलबजावणी करू लागले. कुणी याला पळवाट म्हणेल. मला ती शहाणी चाल वाटते.

आता डबा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण पालक आहेत, व्हाइटफील्ड-सर्जापूरच्या शाळांतले.

बंगळुरूतल्या कितीतरी खासगी शाळांत शाकाहारीच डबा आणायचा असा नियम आहे. एका शाळेत एका मुलीच्या डब्यात अंडं निघालं, तिला वर्गशिक्षिकेनं जिन्यात बसून खायला सांगितलं. मुलगी पंचवीस टक्क्यांतली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखाच आहे. मी विचारलं, नियम कुणी केला? त्यांनी फायली काढल्या. संस्थेचा ठराव नाही, परिपत्रक नाही. काही वर्षांपूर्वी एका पालकांची तक्रार आली होती, तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या डायरीत एक ओळ घातली, आणि ती ओळ दर वर्षी छापली जात राहिली. ‘काढून टाका’ असं मी म्हटलं नाही. त्यांना विचारलं, काढली तर काय होईल? त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: ‘रात्री नऊच्या आत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येईल, दहाला चेअरमनचा फोन येईल.’

म्हणजे ही भीती आपली आहे, मंडळी. त्या बाईंना अंड्याची भीती नव्हती. आपण वास येतो म्हणतो, आरोग्य म्हणतो, मुलांना धक्का बसेल म्हणतो. घरी मुलगा रविवारी चिकन खातो आणि सोमवारी शाळेतल्या अंड्याबद्दल आपल्या ग्रुपवर अंगठे उमटतात. मी हे ऐकीव सांगत नाही.

त्या बाईंनी पहिलं पाऊल उचललं ते असं: जिन्यात, पायरीवर, वेगळ्या बाकावर कुणालाही बसवायचं नाही. डब्याची तक्रार असली तर मुलाला काही न बोलता ती आपल्याकडे आणायची. डायरीतली ओळ अजून आहे. ती या वर्षी जाईल की नाही मला माहीत नाही. पण ती मुलगी वर्गात बसून जेवते.

सरकारी शाळांत अंडं सरकारच देतं. २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं कर्नाटकात ते आठवड्याचे सहाही दिवस मिळू लागलं, नको असेल त्याला केळं. तिथेही एका शाळेत दोन रांगा होत्या, अंड्याची आणि केळ्याची, आणि कुठल्या रांगेत कोण हे पहिलीतलं पोर सांगू शकेल. हेडमास्तरांनी एक रांग केली, पातेल्यापाशी आल्यावर हवं ते उचला. दुसऱ्याच आठवड्यात केळ्याच्या रांगेतली दोन पोरं अंडं उचलू लागली. त्याची तक्रार घरून आली, ती निस्तरायला सरांना एक दुपार घालवावी लागली. पण रांग एकच राहिली.

मला नेहमी विचारतात, इतकं गोंजारायचं कशाला? कडक हुकूम काढा. विचारणाऱ्याचं चूक नाही. शाहू महाराजांनी १९१९ साली दरबारच्या नोकरांना बजावलं की अस्पृश्यांना समतेनं वागवणं ज्यांना जमणार नाही त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना इतरांबरोबर सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. पेन्शनचा उल्लेख मला फार आवडतो. महाराजांना माणसं माहीत होती. तसा हुकूम पाठीशी असता तर माझं निम्मं काम झालं असतं, हे मी मोकळेपणानं सांगते.

पण सध्या हुकूम उलट्या दिशेचे निघतात. कर्नाटकानं २०१८ च्या अखेरीस नियम बदलला: जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्याव्या लागणार नाहीत. बंगळुरूत सरकारी शाळा कुठे नाही? राज्यभरातल्या दीड लाखाच्या आसपासच्या जागा एका वर्षात सतरा हजारांच्या घरात आल्या. मे २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळपास हेच केलं, मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ रोजी ते रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयानंही पुढे तोच निकाल राहू दिला. एकच कायदा आणि कृष्णेच्या दोन टोकांना दोन उत्तरं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० म्हणतं की मुख्याध्यापकांनी दर वर्षी किमान ५० तास स्वतःच्या प्रशिक्षणाला द्यावेत. दिल्लीत नीपाचं नॅशनल सेंटर फॉर स्कूल लीडरशिप आहे, बंगळुरूत शिक्षालोकम्, मंत्रा फॉर चेंज अशा संस्था शाळाप्रमुखांबरोबर काम करतात. पन्नास तास थोडे नाहीत. पण त्या तासांत अर्थसंकल्प येतो, निकाल येतात, डॅशबोर्ड येतो, आणि जात ‘सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गट’ या लांबलचक शब्दात झाकून येते. ज्या मुख्याध्यापकाला जिन्यातल्या मुलीबद्दल बोलायचं आहे त्याला तो शब्द तोंडात धरता येत नाही.

शेवटी सध्या चालू असलेलं एक काम सांगते. कायद्याचं मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे. नववीची फी भरायची कुणी? नियम बदलण्याआधी जी मुलं आत आली ती आता एकेक वर्गानं आठवीच्या दारात येत आहेत. बऱ्याच शाळांत मार्चमध्ये पालकांच्या हातात फीचा कागद पडतो आणि जूनमध्ये मूल दिसत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘त्यांनी दाखला नेला.’

एका मुख्याध्यापिकेनं या वर्षी ती यादी जानेवारीतच काढली. अकरा मुलं. प्रत्येकाच्या आईवडिलांना एकेकटं बोलावलं, संध्याकाळी सहानंतर, कारण त्याआधी त्यांना सुट्टी मिळत नाही. कन्नड किंवा तेलुगू बोलणारी एक शिक्षिका सोबत. संस्थेकडे तिनं फी सवलतीचा अर्ज केला आहे, किती मुलांना मिळेल ते ठरायचं आहे. जवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी माध्यमाची तुकडी आहे का याची चौकशी तिनं स्वतः जाऊन केली, तिथल्या हेडमास्तरांना भेटली. अकरापैकी सात घरं येऊन गेली. दोघांचा फोन लागत नाही. एक वडील म्हणाले, मुलीला नववी कशाला. त्यांना तिनं पुन्हा बोलावलं आहे, या वेळी आजीलाही घेऊन या म्हणून, कारण मुलीनंच सांगितलं की घरात आजीचं चालतं.

पुढच्या गुरुवारी मी तिथे जाते आहे.